खान्देशात महिनाभर गाडीने फिरताना खर्चाचा हिशेब कसा ठेवावा

चार दिवसांच्या सहलीचा हिशेब ठेवला नाही तरी निभावून जाते. महिना-दीड महिना गाडी घेऊन बाहेर राहायचे असेल तर मात्र ते चालत नाही. रोज दीडशे-दोनशे रुपये जास्त गेले तरी त्या दिवशी काही जाणवत नाही, आणि महिनाअखेरीस पाच-सहा हजारांचे भगदाड पडलेले असते. ‘पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न पंचविसाव्या दिवशी पडून फायदा नाही. तो दहाव्या-अकराव्या दिवशी पडला तर पुढचे एकोणीस-वीस दिवस हातात असतात, बेत बदलता येतो. पुढची सगळी पद्धत तेवढ्यासाठीच आहे.

उदाहरण घेतले आहे दोघांचे. नवरा-बायको, लहान पेट्रोल गाडी, तीस दिवस, आणि फिरणे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, फार तर अजिंठा आणि बऱ्हाणपूरपर्यंत. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गाडीप्रमाणे आणि राहणीप्रमाणे ते बदला, रीत मात्र तीच ठेवा.

आधी घराचा खर्च बाजूला काढा

तुम्ही तोरणमाळला असलात तरी घरचे लाइट बिल, सोसायटी, हप्ता, विम्याचा प्रीमियम चालूच राहणार. ही रक्कम निघण्याआधी वेगळी ठेवा आणि प्रवासाच्या वहीत तिचे नावही नको. दोन्ही खर्च एकत्र आले की प्रवास महाग पडला की घर, हे कधीच कळत नाही.

मग प्रवासासाठी एक वेगळे बँक खाते ठरवा. नवे उघडायची गरज नाही, पडून असलेले जुने बचत खाते चालेल. महिन्याची रक्कम १ तारखेला त्यात टाका, फोनवरचे यूपीआय त्याच खात्याला जोडा आणि महिनाभर दुसऱ्या खात्यातून एक रुपयाही देऊ नका. दोघांच्या फोनवर दोन वेगळी खाती चालू असतील तर हिशेब जुळवताना रोज रात्री वाद होतो. तो टाळण्यासारखा आहे.

महिन्याचा आराखडा

समजा एकूण ५४,००० रुपये आहेत. त्यातले ४,००० आधीच राखीव ठेवा. गाडी बंद पडली, दवाखाना लागला, घरून तातडीने बोलावणे आले, तरच त्याला हात लावायचा. उरले ५०,०००.

गाडीसाठी १,४०० किलोमीटरचे ११,२००. मुक्कामाचे २१,००० : चौदा रात्री लॉजवर हजाराच्या भावाने, दहा रात्री एकाच जागी आठवड्याच्या बोलीवर सातशेने, आणि सहा रात्री नातेवाइकांकडे. बाहेरच्या जेवणाचे चोवीस दिवस दोघांचे मिळून साडेचारशेने १०,८००. पाहुणचाराचे ३,०००. टोल, पार्किंग, तिकिटे २,०००. कपडे धुणे, रिचार्ज, औषधे, किरकोळ २,०००. बेरीज बरोबर ५०,०००.

म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ रुपये. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

महिना कोणता यावरही बरेच अवलंबून आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा साध्या खोलीत झोप लागत नाही, एसी खोली घ्यावी लागते. गाडीचा एसी दिवसभर चालतो आणि मायलेज पडते. मुक्काम आणि पेट्रोल दोन्हीकडे वाढ धरूनच बेत करा. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार असतात. ते बघायलाच जायचे असेल तर शहादा-नंदुरबारकडची खोली आधी बोलून ठेवा, ऐन वेळी भाव विचारायची सोय राहत नाही. पैशाच्या दृष्टीने सर्वांत सोपा काळ हिवाळ्याचा. हवा चांगली, साधी खोली चालते, आणि भरताची वांगी बाजारात आलेली असतात.

गाडीचे पाकीट

पेट्रोल ही लांबच्या प्रवासातली सर्वांत फसवी नोंद. आज टाकी भरली की आजचा खर्च तीन हजारांनी फुगतो, आणि पुढचे चार दिवस गाडी फुकट पळते असे वाटते. म्हणून पेट्रोल भरल्याच्या दिवशी खर्चात धरू नका. खर्च किलोमीटरवर धरा.

आधी गाडीचे खरे ॲव्हरेज काढा. टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा, किती लिटर बसले ते आणि मीटर लिहा. समजा मीटर ४८,२१० वरून ४८,६४२ वर गेले, म्हणजे ४३२ किलोमीटर. टाकीत २७ लिटर बसले. ॲव्हरेज १६. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर किलोमीटरला साडेसहा रुपये. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर विसंबू नका, हेच खरे.

त्यात घसारा मिळवा. चार टायर वीस हजारांचे आणि चाळीस हजार किलोमीटर चालणारे असतील तर किलोमीटरला पन्नास पैसे. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला सहा हजारांचे असेल तर साठ पैसे. पंक्चर, हवा, वायपर, बल्ब धरून दीड रुपया ठेवा. झाले आठ रुपये.

आता रोज रात्री मीटर बघायचे, दिवसाचे किलोमीटर गुणिले आठ, आणि तेवढी रक्कम गाडीच्या पाकिटात टाकली असे वहीत लिहायचे. पाकीट खरे असायची गरज नाही, वहीतला एक स्तंभ पुरतो. पेट्रोल, पंक्चर सगळे त्या स्तंभातून वजा होईल. महिनाअखेरीस त्यात शिल्लक राहील, ती टायर-सर्व्हिसिंगची. ती खर्च करू नका.

याचा मोठा फायदा असा की गाडी हलवली की किती पडते हे त्याच रात्री दिसते. सकाळी उठून ‘चला, पाटणादेवीला जाऊन येऊ’ म्हणताना चाळीसगावहून जाऊन-येऊन किती किलोमीटर आणि किती रुपये हे तोंडी सांगता येते.

सातपुड्याच्या घाटात हा दर टिकत नाही. तोरणमाळ किंवा धडगावकडचा चढ आणि वर एसी असेल तर १६ चे ॲव्हरेज १३ वर येऊ शकते. मग नुसते पेट्रोलच आठ रुपये आणि घसाऱ्यासह साडेनऊ. दर वेळी टाकी भरली की ॲव्हरेज पुन्हा काढा आणि दर दुरुस्त करा.

नंदुरबार-नवापूरकडे असाल तर कोणी ना कोणी सांगेलच, ‘भाऊ, पेट्रोल गुजरातमध्ये भरा.’ बरोबर आहे, राज्यांचे कर वेगळे असल्याने अलीकडच्या वर्षांत तिथे लिटरमागे आठ-दहा रुपये कमी पडतात. मध्य प्रदेशात मात्र तशी स्वस्ताई नाही, तेव्हा सेंधवा किंवा बऱ्हाणपूरला भरायचे म्हणून टाकी रिकामी नेऊ नका. गुजरातचाही हिशेब करून बघा. तीस लिटरवर दहा रुपये वाचले तर तीनशे. त्यासाठी चाळीस किलोमीटर जाऊन चाळीस किलोमीटर परत आलात तर आठच्या दराने ६४० गेले. नवापूर वाटेवर असेल तेव्हाच भरा.

रोजमेळ : रात्रीची दहा मिनिटे

कागदाची वही की फोनमधली शीट, हा वाद मी घालत नाही. फोनवर गुगल शीट वापरणार असाल तर ती ऑफलाइन उघडेल अशी आधीच करून ठेवा, कारण अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात रेंज कुठे जाईल सांगता येत नाही. माझे मत विचाराल तर वही बरी. दोनशे पानी लांब वही, गाडीच्या कप्प्यात, पेन दोरीने बांधलेले.

जेवण झाल्यावर एकाने सांगायचे, एकाने लिहायचे. सकाळपासून क्रमाने सांगत गेले की विसरलेला चहासुद्धा आठवतो. दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. दोन दिवसांनी आठवलेला हिशेब हा अंदाज असतो.

बाराव्या दिवसाचे पान असे दिसेल. शहादा ते तोरणमाळ आणि परत :

गाडी, ११० किमी × ८ : ८८०
लॉज : ९००
पोहे, चहा : ८०
वाटेत चहा : ४०
तोरणमाळला जेवण : २६०
पार्किंग : ३०
रात्री शेवभाजी, भाकरी : २४०
एकूण : २,४३०

तेराव्या दिवशी शहाद्यातच थांबलात. गाडी गावातल्या गावात ६ किलोमीटर, ४८. लॉज ९००. जेवण-चहा ४२०. कपडे धुतले १००. एकूण १,४६८. दोन पाने शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. जवळजवळ हजार रुपयांचा फरक, आणि त्यातला मोठा भाग गाडीचा. लांबच्या प्रवासात खर्च आटोक्यात ठेवायचा सर्वांत जोरदार उपाय म्हणजे एका गावात जास्त दिवस राहणे. चहा कमी पिऊन काही वाचत नाही.

आता प्रत्येक पानाच्या तळाशी एकच आकडा काढा : उरलेले पैसे भागिले उरलेले दिवस. बाकी काही नाही केले तरी चालेल, हा आकडा चुकवू नका.

समजा अकराव्या रात्री २१,४०० खर्च झाले. उरले २८,६००, दिवस १९, म्हणजे दिवसाला १,५०५. सुरुवातीच्या १,६६७ पेक्षा कमी, म्हणजे तुम्ही पुढे धावला आहात. तोरणमाळनंतर उरले २६,१७०, अठरा दिवसांना १,४५४. शहाद्यात थांबल्यावर १,४५३, म्हणजे घसरण थांबली. मग अमळनेरला मावशीकडे दोन रात्री. ९० किलोमीटरचे ७२०, घरी नेलेले १,०००, वाटेतले १८०. दोन दिवसांचे मिळून १,९००. उरले २२,८०२, पंधरा दिवसांना १,५२०. आकडा वर आला. कुठलीही काटकसर न करता.

खर्च नसलेल्या नोंदी

हिशेब जुळत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले असतात आणि ते खर्चात मांडलेले असतात.

एटीएममधून काढलेले दोन हजार हा खर्च नव्हे. ती रोख तुमच्याकडेच आहे, खर्च तेव्हा जेव्हा ती दुसऱ्याच्या हातात जाईल. फास्टॅगचा रिचार्ज खर्च नव्हे, नाक्यावर कापला गेलेला टोल हा खर्च. टोलचा मेसेज कधी उशिरा येतो, म्हणून नाका ओलांडला की शेजारी बसलेल्याने वहीत खूण करावी. लॉजवर ठेवलेले डिपॉझिट परत मिळणार असेल तर ते वेगळ्या कोपऱ्यात लिहा आणि खोली सोडताना आठवणीने मागा. क्रेडिट कार्डाचे उलट आहे : ज्या दिवशी कार्ड वापरले त्याच दिवशी खर्च लिहायचा. बिल पुढच्या महिन्यात येते म्हणून हा महिना स्वस्त झाला असे होत नाही.

यूपीआय लाइट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. त्यातून दिलेले छोटे पैसे बँकेच्या पासबुकात एकेक करून दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये टाकलेली रक्कम दिसते. नोंदी ॲपमध्येच बघाव्या लागतात.

आणि रोख. जळगाव, धुळ्यात केळीवाल्यापासून सगळीकडे क्यूआर कोड आहे. सातपुड्यात चढण्याआधी मात्र शहादा किंवा चोपड्यातच दीड-दोन हजारांची रोख घ्या, त्यात दहा-वीस-पन्नासच्या नोटा भरपूर. आठवडी बाजारात पाचशेची नोट पुढे केली की सुट्ट्यांअभावी तीसच्या जागी पन्नासचे घेऊन निघावे लागते. रोज रात्री पाकिटातली रोख मोजा. वहीतली शिल्लक आणि हातातली रोख यांत वीस-तीस रुपयांचा फरक पडला तर ‘किरकोळ’ लिहून मोकळे व्हा. शंभरच्या वर असेल तर शोधा.

पाहुणचाराचा खर्च धराच

खान्देशात फिरायचे आणि नातेवाइकांकडे उतरायचे नाही, हे होत नाही. नुसते भेटायला गेलात तरी ‘जेवाले बठा ना भाऊ’ झाल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि संध्याकाळ झाली की मुक्काम ठरलेलाच. खापरावरची पुरणपोळी, वरण-बट्टी, भरीत आणि कळण्याची भाकरी असा पाहुणचार कुठल्या लॉजच्या भाड्यात मिळणार? तो फुकट मात्र नसतो, आणि तसा समजूही नये.

जाताना खाऊ, फळे. घरात लहान मुले असतील तर निघताना त्यांच्या हातावर पैसे. वडीलधाऱ्यांसाठी काही. नवीन सुनेची ओटी. प्रत्येक घराला हजार रुपये धरा, आणि ते आधीच वेगळ्या पाकिटात ठेवा. ऐन वेळी रोजच्या पैशांतून काढले की हात आखडतो, आणि आखडलेला हात समोरच्याला कळतो. हे मी खर्चाच्या वहीतले सर्वांत महत्त्वाचे पाकीट मानतो. तिथे काटकसर करू नका, लागली तर दुसरीकडे करा.

देवाला दिलेले लिहू नये असे आपल्याकडची मोठी माणसे म्हणतात. त्यांचे मन मोडायचे कारण नाही. प्रकाशा, मुक्ताईनगर, पद्मालय, मनुदेवी अशी ठिकाणे वाटेत येणारच. महिन्याची एक रक्कम ठरवून सुरुवातीलाच बाजूला काढा आणि त्यातले कुठे किती दिले ते लिहू नका. भक्तनिवासात राहिलात तर देणगीची पावती मात्र मुक्कामाच्या खात्यात.

जळगावच्या सराफ बाजारात गेलात आणि काही घेतले, तर ती खरेदी आहे, प्रवास नव्हे. तिला या वहीत जागा देऊ नका. सावदा-रावेरहून आणलेले केळीचे वेफर्स मात्र किरकोळीत येतात.

मुक्काम, जेवण, टोल

लॉजवर पहिल्याच दिवशी ‘आठवडा राहिलो तर काय भाव?’ हे विचारा. एका रात्रीचा भाव ठरल्यावर तो कमी करून मिळणे अवघड जाते. सांगितलेल्या भावात जीएसटी आहे की वर लागणार, हेही तेव्हाच विचारून घ्या. खोलीत शेगडी चालत असेल तर सकाळचा चहा-नाश्ता खोलीवर आणि एक वेळचे जेवण खानावळीत, हा हिशेब तब्येतीलाही बरा.

अजिंठ्यासारख्या ठिकाणी तिकिटाच्या रकमेवर जाऊ नका. भारतीयांना तिकीट ४० रुपये आहे खरे, पण जळगावहून एका बाजूला सुमारे ६० किलोमीटर असे जाणे-येणे, फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवणे, तिथून लेण्यांपर्यंतची बस, जेवण, पाणी हे सगळे धरले की दिवसाचा खर्च गाडीसह दीड हजाराच्या आसपास जातो. लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी जाऊन परत आलात तर जवळजवळ हजार रुपयांचे किलोमीटर वाया.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, खासगी कार-जीपसाठी, सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, एका वर्षात २०० फेऱ्या. फक्त खान्देशात फिरणार असाल तर महिन्यात इतके नाके लागत नाहीत आणि पैसे वसूल होत नाहीत. वर्षभर नाशिक, सुरत, नागपूर असे राष्ट्रीय महामार्गांवर जाणे असेल तर घ्या. समृद्धी महामार्गावर तो चालत नाही, हे धरून चला.

आठवड्याचा मेळ

दर सातव्या दिवशी अर्धा तास बसा. रोजच्या पानांवरून सहा खात्यांत बेरजा उतरवा : गाडी, मुक्काम, जेवण, पाहुणचार, टोल-तिकिटे, किरकोळ. बँकेचे स्टेटमेंट शेजारी उघडून यूपीआयच्या नोंदी जुळवा. आराखड्यातल्या रकमेचा चौथा भाग आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर लिहा. महिन्यात सात दिवसांचे चार आठवडे आणि वर दोन दिवस, त्यामुळे थोडी ओढाताण शेवटी दिसते. तिची काळजी नको.

तळाचा आकडा १,६६७ च्या दीडशे-दोनशे खाली आला तर लगेच काही करू नका, दोन मुक्कामी दिवसांत तो सावरतो. १,३०० च्या खाली गेला तर मात्र पुढच्या आठवड्याचा बेत बदला. पहिल्यांदा किलोमीटर कमी करा : धुळ्यात असाल तर लळिंग, सोनगीर, राजवाडे संशोधन मंडळ असे जवळचे बघा आणि लांबची फेरी पुढे ढकला. दुसरे, एका रात्रीचे मुक्काम जोडून तीन रात्रींचे करा. जेवणाला हात सर्वांत शेवटी लावा. उपाशीपोटी फिरणारे दोघे तिसऱ्या दिवशी भांडतात आणि घरी परततात.

तिसाव्या रात्री तीन बेरजा काढा. एकूण खर्च भागिले दिवस, गाडीचा खर्च भागिले किलोमीटर, मुक्काम भागिले लॉजच्या रात्री. प्रवास पुढे चालू राहणार असेल तर दुसऱ्या महिन्याचा आराखडा या तीन आकड्यांवर बांधा, पहिल्या महिन्याच्या अंदाजांवर नको. गाडीच्या पाकिटातली शिल्लक आणि न वापरलेले राखीव चार हजार जसेच्या तसे नव्या महिन्याच्या पहिल्या पानावर उतरवा, आणि शेजारी मीटरचा आकडा लिहा.